सगळ्या वाड्याचे ओटीपी माझ्याच मोबाइलवर

आदरणीय ताई,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान वाड्यावर राहतो. सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो. मुलगा बेंगळुरूला असतो, त्याने चांगला मोबाइल घेऊन दिला आणि मी हळूहळू सगळं शिकलो. मग वाड्यावरची माणसं येऊ लागली. कोणाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा हवा, कोणाला विजेचं बिल भरायचं, कोणाचा गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचा अर्ज अडकलेला. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्या बँक खात्याला मी माझाच नंबर लावून दिला. सगळ्यांचे आधार क्रमांक, पिन, पासवर्ड एका वहीत लिहून ठेवले आहेत, कारण लोक विसरतात.

आता झालं असं. शेजारच्या वहिनी चौथी शिकलेल्या, श्रावणात पोथी वाचतात. त्यांच्या खात्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येतात. चवथीच्या आधी एकाच दिवशी त्यातून ४,००० रुपये दोनदा गेले. त्या म्हणतात, मी वाड्यावर मशीन घेऊन येणाऱ्या बँक मित्राकडे अंगठा लावून एकदाच काढले. दोन महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. मेसेज माझ्या मोबाइलवर आले होते, पण ग्रुपच्या गर्दीत मी ते बघितलेच नाहीत. तोंडावर कोणी बोलत नाही, पण देवळात भजनाला गेलो की बोलणं थांबतं. बायको म्हणते, ही लष्करच्या भाकऱ्या भाजण्याची हौस पुरे, मोबाइल मुलाला परत द्या. वर्षानुवर्षं मुलांकडून ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध लिहून घेतला, आता मलाच उत्तर सुचत नाही. काय करू?

ता. क. : लोक नारळ, केळ्यांचा घड आणून देतात. घ्यावा का?

– एक निवृत्त मास्तर

मास्तर, नमस्कार.

निबंध थोडा थांबू दे. आधी वहिनींचे ४,००० रुपये.

अंगठा लावून पैसे काढायला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढं असलं की पैसे निघतात. पासबुकात त्या नोंदींपुढे ‘एईपीएस’ (म्हणजे आधारवरून झालेला व्यवहार) अशी अक्षरं छापली आहेत का ते बघा. असतील, तर तुमचा मोबाइल आणि तुमच्या वहीतले पिन-पासवर्ड यांपैकी कशाचाही ते पैसे जाण्याशी संबंध नाही. मेसेज मास्तरांकडे आला म्हणजे पैसे मास्तरांनी काढले, हा वाड्यावरचा हिशेब उलटा आहे. तो मेसेज पैसे गेल्यावर येतो, पैसे काढायला तो लागत नाही. हे भजनी मंडळींना कळायलाच हवं, पण तुम्ही घरोघर जाऊन सांगत सुटू नका. बँकेच्या माणसाने वहिनींच्या घरच्यांसमोर सांगितलं तर ते टिकेल.

मग दुसऱ्यांदा पैसे गेले कसे? एकच दिवस आणि एकच रक्कम म्हटल्यावर मला आधी दोन शक्यता दिसतात. पहिली साधी आहे. मध्येच रेंज गेली, बँकेत पैसे वजा झाले पण मशीनवर व्यवहार झाल्याचं आलं नाही, म्हणून अंगठा परत लावला. पावसाळ्यात सत्तरीत रेंजची काय तऱ्हा असते ते मी तुम्हाला सांगायला नको. असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत आणि पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

दुसरी शक्यता ओंगळ आहे. ‘आजी, अंगठा नीट लागला नाही, परत लावा’ असं म्हणायचं, दोनदा काढायचे आणि एकदाचेच हातात द्यायचे. देशात ठिकठिकाणी असले प्रकार उघडकीस आले आहेत, आणि त्यात सापडतात ती वहिनींसारखीच माणसं, ज्यांचा मेसेज दुसऱ्याच कोणाच्या खिशात वाजतो. तुमच्याकडे येणाऱ्या बँक मित्राने हे केलं असं मी म्हणत नाही. पुराव्यावाचून त्याच्यावरही आळ नको. आळ म्हणजे काय ते तुम्ही सध्या सोसताच आहात.

तेव्हा ते दोन्ही मेसेज आधी शोधून काढा आणि चुकूनही पुसू नका. दोघांमध्ये चार-पाच मिनिटांचं अंतर असेल, तर वरच्या दोनपैकी एक गोष्ट घडली असणार. एक सकाळचा आणि दुसरा रात्रीचा असेल, तर ठसा दुसऱ्याच ठिकाणी वापरला गेल्याचा संशय घ्यायला जागा आहे, आणि मग पोलिसांत जायला हवं. त्यानंतर वहिनींना घेऊन शाखेत जा, पण दोघंच जाऊ नका, त्यांच्या घरचं कोणीतरी बरोबर हवं. तक्रार मराठीत लिहा, तुमचं अक्षर मास्तराचं, त्याची काळजी नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी तक्रारीवर ‘बघतो हां’ हे उत्तर मिळतं, आणि ते बघणं चतुर्थीपासून चतुर्थीपर्यंत चालू राहतं.

तक्रारीत विचारायचं ते हे, की दोन्ही व्यवहार कोणाच्या मशीनवरून, किती वाजता झाले आणि दोन्ही वेळा रोकड दिल्याची काय नोंद आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरावीक रकमेपर्यंतच येतं. त्यापुढे प्रत्येक बँकेचं आपलं धोरण. तुमचे दोन महिने गेले आहेत, म्हणून बँक हेच कलम पुढे करील. पण त्याच परिपत्रकात असंही आहे, की दोष खुद्द बँकेच्या बाजूचा असेल तर ग्राहकाने कधी कळवलं याला महत्त्व नाही. आणि बँक मित्र हा बँकेने नेमलेला माणूस, त्याच्या कामाची जबाबदारी बँकेवर असते. त्यामुळे पैसे बँक मित्राच्या मशीनवर अंगठा लावून काढले, हे वाक्य अर्जात अगदी वर लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा मदतीचा नंबर १४४४८. फसवणूक आहे असं दिसलं तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवरही नोंद करा. हा नंबर खरं म्हणजे पहिल्या तासाभरात फिरवायचा असतो. दोन महिन्यांनी त्याचा उपयोग पैसे अडवायला नाही, नोंद राहायला होतो.

पैसे परत येतील का? रेंजचा घोळ असेल तर येण्याची शक्यता बरीच आहे. लबाडी असेल तर वेळ लागेल.

आता तुम्हाला बोचेल असं बोलते. पैसे तुम्ही घेतले नाहीत, पण ते गेलेले दोन महिने कळले नाहीत ते तुमच्या व्यवस्थेमुळे. वहिनींचा नंबर वहिनींकडे असता, साध्या बटणांच्या फोनवर का होईना, तर त्याच दिवशी दोनदा टिंग वाजलं असतं आणि त्यांनी ‘हे दोनदा कशाला रे?’ असं कोणाला तरी विचारलं असतं. तुम्ही मदत म्हणून नंबर दिलात आणि त्या मदतीने त्यांच्या घराची घंटा काढून तुमच्या घरात लावली.

तुमच्या आधीच्या पिढीतल्या मास्तरांकडेही माणसं यायची, पत्र वाचून घ्यायला. मुंबईहून, पुढे आखातातून मुलाचं पत्र आलं की मास्तर वाचणार, आणि उत्तरही तेच लिहिणार. घराघरातलं सगळं त्यांना ठाऊक असायचं. पण नुसतं ठाऊक असल्याने कोणाची दमडी हलत नव्हती. तुमच्या वहीत जे आहे त्याने हलते. ती वही तुमच्याकडून हरवली, नातवंडाने फोटो काढून कोणाला पाठवला, मोबाइल दुरुस्तीला दिला तिथे कोणी उघडून बसला, तर अख्ख्या वाड्याची खाती एका फटक्यात उघडी पडतील, आणि तेव्हा मेसेज मास्तरांकडे आला होता हे वाक्य तर्क म्हणून नाही, पुरावा म्हणून उभं राहील. मदतीला माणूस चांगला असणं पुरत नाही, त्याच्या हातात दुसऱ्याची किल्ली नसलेली बरी.

तेव्हा वहीतलं ज्याचं पान त्याला घरी नेऊन द्या, आणि देतानाच सांगा की हा पिन आता बदला, कारण मला तो माहीत आहे. सुरुवातीला लोकांना राग येईल, ‘आमचा तुमच्यावर विश्वास आहे’ म्हणतील. विश्वास असू द्या, पिन बदला. मग ज्यांच्या खात्याला तुमचा नंबर आहे त्यांची यादी करा आणि एकेकाला शाखेत नेऊन नंबर बदलून आणा. बँकेच्या नंबराचा फॉर्म शाखेतच मिळतो. आधारला जोडलेला नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो, तिथे अंगठा किंवा डोळे तपासतात. मेसेज आणि ओटीपी यायला स्मार्टफोन लागत नाही, बटणांचा फोन पुरतो.

आधारचा ठसा बंद करून ठेवण्याची सोय आहे, पण तिची घाई करू नका. ती उघडायला आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. वहिनींचा तो नंबरही तुमचाच असेल, तर त्या रेशनच्या दुकानात अंगठा लावायला उभ्या राहतील आणि तुम्ही वाळपईच्या बाजारात असाल. आधी नंबर, मग कुलूप.

आता तुमचा निबंध. मास्तर, रागावू नका, पण तो प्रश्नच मला कधी पटलेला नाही. दहा ओळी फायद्याच्या, दहा ओळी तोट्याच्या, आणि शेवटी ‘हे सारे वापरणाऱ्याच्या हातात आहे’. गुण ठरलेले. पण फायदा आणि तोटा एकाच माणसाच्या ताटात पडतात असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि प्रत्यक्षात तसं होत नाही. फायदा एकाच्या घरी जातो, झळ दुसऱ्याला लागते. त्यामुळे शाप की वरदान हे विचारण्याऐवजी कोणाचं काम वाचलं आणि ते कोणाच्या डोक्यावर गेलं, हे विचारून बघा.

एक-चौदाचंच घ्या. पूर्वी उताऱ्यासाठी बस पकडून तालुक्याच्या कचेरीत जायचं, रांगेत उभं राहायचं, साहेब जेवायला गेलेले असायचे, आणि मजुरीचा दिवस बुडायचा. आता सहीशिक्क्याचा उतारा घरबसल्या निघतो. हे खरंच मोठं काम झालं, त्याला नावं ठेवणारा माणूस एक तर कधी रांगेत उभा राहिलेला नाही किंवा रांगेच्या पलीकडे बसणारा होता. पण कचेरीतली रांग गेली ती कुठे? तुमच्या सोप्यावर आली. कारकुनाचं काम तुम्ही करता, बिनपगारी, आणि चुकलं तर बोल तुम्हालाच. कचेरीचा वेळ वाचला, अर्जदाराचा दिवस वाचला, आणि ज्याला पडदा वाचता येत नाही त्याची गरज मात्र गेली नाही, कचेरीऐवजी तो तुमच्या दारात उभा आहे.

वाचता येत नाही म्हणजे तरी काय? २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७ टक्के होती. वहिनी पोथी वाचतात. त्यांच्या मुलांना मुळाक्षरं कदाचित तुम्हीच गिरवायला लावली असतील. तरी पैसे वजा झाल्याचा मेसेज त्यांच्या हातात दिला तर त्या तो तुमच्यापुढे धरतील, कारण तो इंग्रजीत असतो आणि त्यात निम्मी अक्षरं तोडलेली असतात. साक्षर बाईला त्या पडद्याने परत निरक्षर करून टाकलं. याचा मला पैसे जाण्याइतकाच राग येतो. राजभाषा कायदा १९८७ सालचा, कोकणी राजभाषा, मराठीला सरकारी कामात स्थान, आणि सत्तरीच्या वाड्यावर सरकारी अर्ज उघडला की समोर इंग्रजी. पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि नळ यांच्या जोडीने हा विषयही मांडा. पंचायतीत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एक माणूस बसवा, लोकांचे अर्ज त्यांच्यासमोर भरायला, ही मागणी काही आभाळातली नाही.

झळ दुसऱ्याला लागते याची आणखी उदाहरणं तुम्हाला आपल्याच राज्यात दिसतील. २०२० च्या टाळेबंदीत पणजी-मडगावची पोरं पंख्याखाली बसून तास ऐकत होती, आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांतली रेंज शोधत डोंगर चढत होती. शाळा तीच, मास्तरही तेच, आणि तरी एकाला शिक्षण मिळालं आणि दुसऱ्याला साप-विंचवाची भीती. २०१८ मध्ये ॲपवरची टॅक्सी आली. पर्यटकाला भाडं आधी कळू लागलं, हे चांगलंच झालं, पण कर्ज काढून गाडी घेतलेला गावातला टॅक्सीवाला रस्त्यावर उतरला. त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही, मीटरचं नाव काढलं की यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण तोटा कोणाचा झाला हे विचारलं तर बोट त्याच्याकडे जातं. आणि टॉवरची गंमत तर आपल्या ग्रामसभांनाच विचारावी. एका ठरावात रेंज नाही म्हणून निषेध, पुढच्या ठरावात टॉवर आमच्या वाड्यावर नको. सगळ्यांना रेंज हवी असते, टॉवर तेवढा शेजारच्या वाड्यावर.

तुमच्या घरी बाईंचं म्हणणं काय आहे ते मला नीट ऐकू येतंय. त्या मोबाइलवर रागावलेल्या नाहीत. दुपारी पानं मांडली की दारात कोणीतरी ‘मास्तर आसात?’ म्हणून हाक घालतो, त्यावर रागावल्या आहेत. आणि आता त्याच लोकांनी मान फिरवली, त्याचा त्रास तुमच्याइतकाच त्यांनाही होतोय, कदाचित जास्त. विहिरीवर, हळदीकुंकवाला त्यांनाच तोंड द्यावं लागतं. मोबाइल परत देऊन ते मिटणार नाही. उलट लोक म्हणतील, बघा, काहीतरी होतंच. त्यामुळे मोबाइल ठेवा, वेळ बांधा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दिवाबत्तीपर्यंत, बस्स. बाकी वेळी आलेल्याला बाईंनीच सांगावं, बुधवारी या. त्यांच्या हातात तेवढी सत्ता दिलीत तर अर्धा राग तिथेच उतरेल.

आणि त्या संध्याकाळी काम करायची रीत बदला. ज्याचं काम त्याचाच फोन, पडद्यावर बोट त्याचंच, तुम्ही फक्त शेजारी बसून कुठे दाबायचं ते सांगायचं. पिन टाकताना तोंड फिरवा, आणि फिरवलेलं त्याला दिसू द्या. वेळ तिप्पट जाईल. पहिलीच्या मुलाचा हात धरून तुम्ही ‘अ’ काढून दिला असता तर तो लवकर निघाला असता, पण मुलाला आला नसता, हे तुम्ही आयुष्यभर केलेलं काम आहे. ज्यांना अजिबात जमणार नाही अशी दोन-तीन म्हातारी माणसं उरतील. त्यांच्यासाठी घरातलाच एक माणूस ठरवा. ‘नातू करतो’ यावर मात्र भागवू नका. नववीतल्या पोराच्या हातात आजीचं खातं देणं म्हणजे तुमची वही त्याला देणं.

पोरांना काम द्यायचं तर दुसरं द्या. वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून एपीके नावाची फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो. पोरांना ती ओळखता येते. ती दिसली की ग्रुपवर ओरडायचं, एवढी जबाबदारी त्यांची. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून ‘तुम्हाला अटक केली आहे, कोणाला सांगू नका’ म्हणणारा आला तर फोन ठेवून द्यायचा. तशी अटक कायद्यात नाही. आणि पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही, हे तर २०१६ ला यूपीआय आल्यापासूनचं सूत्र आहे, तरी माणसं रोज त्यातच सापडतात. फळ्यावर लिहून सोप्यावर लावा, तुमच्याकडे खडू असेलच.

राहता राहिली भजनाची गोष्ट. जाणं बंद करू नका. बँकेत तक्रार दिली, तिची पोच वहिनींच्या घरात आहे आणि वहीतली पानं परत चालली आहेत, हे वाड्यावर दोन दिवसांत पसरेल, आपल्याकडे याला कुठलाही ॲप लागत नाही. कोणी विचारलं तर मेसेज माझ्याकडे आला आणि मी बघितला नाही, एवढं सरळ सांगा. त्यापुढे सफाई देत बसू नका.

आणि नारळ. घ्या की! परत पाठवला तर माणूस दुखावतो, आणि सत्तरीत केळ्यांचा घड नाकारणारा मास्तर कोणाला परवडणार आहे? पैसे मात्र एक रुपयाही घेऊ नका, ‘चहापाण्याला’ म्हणूनसुद्धा. अर्जाची सरकारी फी असेल ती ज्याची त्याने स्वतःच्या खात्यातून भरावी, तुमच्या खात्यातून भरून मग रोख घेणं बंद. वहिनींच्या घरून मात्र हे प्रकरण मिटेपर्यंत नारळही नको, त्यांना तसं आधीच सांगून ठेवा.